आयर्लंडातील बारा दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही उभयतांनी सन २०२३ च्या जून महिन्यात आयर्लंड देशी बारा दिवस प्रवास केला. त्याची हकीकत आपणांपुढे सादर करावी, अशी चिटणीसांची आज्ञा झाली आहे. निघण्यापूर्वी आप्तेष्टांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : पाऊसच पाहावयाचा, तर एवढे पैसे खर्चून परमुलखात कशाला जाता? आगोटीला गावी जाऊन पडवीत बसा, फुकट पाहावयास मिळेल. प्रश्न रास्त होता. परंतु तिकडचा पाऊस आणि आपला पाऊस ही एकाच घराण्यातील दोन अगदी निराळ्या स्वभावाची भावंडे आहेत, हे तेथे गेल्यावरच कळते.

डब्लिन शहरात वर्षाकाठी पडणारा पाऊस हा आपल्या पुण्यातील पावसाइतकाच, म्हणजे सुमारे साडेसातशे मिलिमीटर. ऐकून नवल वाटेल. पण आपल्याकडे जे चार महिन्यांत उरकते, ते त्यांच्याकडे बारा महिने चालते. अटलांटिक महासागरावरून नैऋत्येचे वारे बारमाही वाहतात आणि ते प्रथम आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. त्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षातील सव्वादोनशे दिवस पाऊस असतो. महासागरातील उष्ण प्रवाहामुळे इतक्या उत्तरेला असूनही हिवाळा फारसा कडक नाही, आणि म्हणून गवत बारा महिने हिरवे. आपल्याकडची मुसळधार त्यांना ठाऊक नाही. त्यांची ती बुरबुर. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करतो आणि न उघडावी तर तासाभरात माणूस ओलाचिंब होतो. अशा दिवसाला ते लोक ‘सॉफ्ट डे’, म्हणजे मऊ दिवस, म्हणतात. पावसाला शिव्या न देता त्याला असे लाडके नाव ठेवणारी माणसे वाईट असणार नाहीत, असे आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी अनुमान काढले, आणि ते पुढे खरे ठरले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. आयर्लंड हा शेंगेन करारातील देश नव्हे, त्यामुळे युरोपचा व्हिसा तेथे चालत नाही. बेटाचा उत्तरेकडील सहा परगण्यांचा भाग १९२२ नंतरही ब्रिटनकडे राहिला. तिकडेही जावयाचे असल्यास उभय देशांस मान्य असलेला विशेष शिक्क्याचा अल्पमुदतीचा व्हिसा मिळतो. मात्र ज्या देशाने तो दिला, तेथे प्रथम उतरावे लागते. दुसरी गोष्ट चहाची. तेथील चहा कडक, दूध घातलेला आणि दिवसातून किती वेळा याचा हिशेब नसलेला. शाकाहारी माणसास बटाटा, भाज्यांचे सूप आणि सोडा घालून केलेला जाड पाव यांवर सहज दिवस काढता येतात.

डब्लिनमध्ये इ. स. १५९२ साली स्थापन झालेले ट्रिनिटी कॉलेज आहे. तेथे वासराच्या कातड्यावर लिहिलेली, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीची ‘बुक ऑफ केल्स’ ही सचित्र पोथी काचेखाली ठेवलेली असते. गर्दी अपार, पोथीचे दर्शन क्षणाचे. त्याहून मला चेस्टर बीटी यांचा संग्रह अधिक भावला. हे गृहस्थ खाणींच्या धंद्यात श्रीमंत झाले, १९५० साली डब्लिनला येऊन राहिले आणि आपला हस्तलिखितांचा अमूल्य संग्रह त्यांनी त्या देशास देऊन टाकला. त्यात आपल्याकडील मोगल चित्रेही आहेत. प्रवेशास मूल्य नाही. पावसाळी दुपार घालवण्यास याहून उत्तम जागा नाही.

डब्लिनच्या उत्तरेस तासाभराच्या अंतरावर न्यूग्रेंज नावाचे स्थान आहे. तेथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण कोकणातील माणसाने तेथे नमस्कार करावा अशी ती वास्तू आहे. इ. स. पूर्वी सुमारे ३२०० या काळी, म्हणजे मिसर देशातील गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही कितीतरी आधी, शेतकरी लोकांनी दगडमातीची ही प्रचंड टेकडी रचली. आत जाण्यास १९ मीटर लांबीची अरुंद वाट आणि शेवटी एक गाभारा. दक्षिणायनाच्या अखेरच्या दिवसांत, २१ डिसेंबरच्या सुमारास, सूर्योदयाचा किरण दारावरील एका झरोक्यातून आत शिरतो आणि सुमारे १७ मिनिटे गाभाऱ्याची जमीन उजळतो. मायकेल ओकेली या उत्खननकर्त्यांनी १९६७ साली तो प्रथम स्वतः आत थांबून पाहिला. इतर दिवशी वाटाड्या दिवे मालवून कृत्रिम किरण दाखवतो, तोच आम्ही पाहिला. परंतु माझे लक्ष छताकडे होते. चुना नाही, सिमेंट नाही. शिळेवर शिळा पुढे सरकवत बंद केलेले ते छत पाच हजार वर्षे गळलेले नाही! शिळांच्या वरच्या अंगाला पाणी वाहून जाण्यास पन्हळी कोरल्या आहेत आणि फटी भाजलेल्या मातीने व वाळूने बुजवल्या आहेत. दरसाल वैशाखात कौले परतूनही ज्येष्ठात माजघरात पातेली मांडणाऱ्या आपल्या पूर्वजांची मला आठवण झाली. मुंबईतील आपल्या गृहसंस्थांच्या गच्च्यांविषयी तर न बोललेले बरे.

उत्तरेकडील अँट्रिमच्या किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ आहे. सुमारे चाळीस हजार काळे खांब, बहुतेक षट्कोनी, समुद्रात पायऱ्यांप्रमाणे उतरत गेलेले. फिन मकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जाण्यासाठी हा सेतू बांधला, अशी दंतकथा तेथील मुले सांगतात. सेतूबंधाची कथा ऐकत वाढलेल्या आपणांस ती परकी वाटत नाही. वस्तुतः पाचसहा कोटी वर्षांपूर्वी वर आलेला लाव्हा निवताना आकुंचन पावला आणि तडकला, त्यातून हे खांब झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, “हे तर आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे भावंड!” ते शब्दशः खरे आहे. फरक इतकाच, की त्यांच्या खांबांना जागतिक वारशाचा मान आहे आणि आपले खांब झोपड्यांच्या व इमारतींच्या वेढ्यात उभे आहेत.

मोहरचे कडे पाहावयास गेलो तेव्हा धुके असे दाटले होते, की हाताच्या अंतरावरचे दिसेना. दोनशे चौदा मीटर उंचीचा कडा आपल्या पायाशी आहे, हे केवळ लाटांच्या आवाजावरून समजायचे. दोन तासांनी पाचच मिनिटे पडदा दूर झाला, आणि खाली पांढरे पक्षी उडताना पाठीवरून दिसले. मग पुन्हा धुके. त्या पाच मिनिटांसाठी पैसे वसूल झाले, एवढेच म्हणतो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. गॉलवेपासून पुढे पश्चिमेकडे बस जाऊ लागली, तसे आम्ही दोघेही गप्प झालो. डोंगरउतारावर लहान लहान कुणगे, त्यांना चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे, मधूनच छप्पर उडालेले, चार भिंती उभ्या असलेले घर आणि त्यात वाढलेली झुडपे. राजापूर-देवगडकडच्या प्रवासात आपण हेच पाहत नाही काय? आपला चिरा तांबडा, त्यांचा दगड करडा. बाकी सारे तेच.

ही घरे ओस का पडली, याचा इतिहास पावसाशीच निगडित आहे. १८४१ साली या बेटाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. गोरगरीब जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर जगत. १८४५ साली बटाट्यावर करपा आला. आपले बटाट्याचे शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, तोच हा रोग. ओलसर, थंड हवेत तो वाऱ्यासारखा पसरतो, आणि तशी हवा तेथे वर्षभर. पीक जमिनीतच सडले. पुढील सातएक वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्याच वर्षांत धान्य आणि गुरे भरलेली गलबते आयर्लंडातून इंग्लंडकडे जात राहिली. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळाची कहाणी ज्यांनी वाचली आहे, त्यांस हे राज्यकर्ते ओळखता येतील. डब्लिनच्या धक्क्यावर १९९७ साली उभारलेले, हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे धातूचे पुतळे आहेत. ते बोटीच्या दिशेने चालले आहेत. त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची आम्हांस इच्छा झाली नाही.

दुष्काळ सरला, तरी जाणे थांबले नाही. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही १९५० ते १९६० या एका दशकात सुमारे चार लाख माणसे दक्षिणेकडील स्वतंत्र आयर्लंडातून बाहेर पडली आणि १९६१ साली तेथे केवळ २८ लाख लोक उरले. २०२२ च्या गणतीत ती संख्या साडेएक्कावन्न लाखांपर्यंत वर आली आहे; तरी उत्तरेकडील सुमारे एकोणीस लाख मिळवूनही १८४१ चा आकडा गाठला गेलेला नाही. मुलगा अमेरिकेस निघाला, की आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमत; गाणी, खाणे, आणि पहाटे रडारड. मृताच्या घरी जागरण करण्याची त्यांची जी रीत, तीच जिवंत मुलासाठी पाळली जाई, आणि तिला ‘अमेरिकन जागरण’ असे नावच पडले होते. कारण गेलेला परत दिसणार नाही, हे आईला ठाऊक असे.

कॉर्कजवळील कोव्ह या बंदरातून १८४८ ते १९५० या काळात सुमारे पंचवीस लाख माणसे गेली. तेथे ॲनी मूर या मुलीचा तिच्या दोन लहान भावांसह पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस बेट नव्याने उघडले, तेव्हा पहिले पाऊल तिचे पडले.

बंधुभगिनींनो, भाऊच्या धक्क्याला उतरलेल्या आजोबांचे आपण नातू आहोत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे सरकारी गणतीच सांगते. आणि नातवांची मुले आता मुंबईतही नाहीत.

कोव्हहून आम्ही नैऋत्येस अहाकिस्टा या चिमुकल्या खेड्यास गेलो. हे स्थळ प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत सहसा नसते. बँट्री गावाहून टॅक्सी करावी लागली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे येत असता या किनाऱ्यापलीकडे समुद्रावर बाँबस्फोटाने कोसळले. ३२९ जीव गेले. त्यांत ऐंशीहून अधिक मुले. बहुतेक कॅनडात स्थायिक झालेली भारतीय कुटुंबे, सुटीत आजीआजोबांस भेटावयास निघालेली. नातेवाईक जेव्हा आयर्लंडला पोहोचले, तेव्हा अनोळखी लोकांनी त्यांना जवळ केले, धीर दिला. वर्षभरात खाडीच्या काठी स्मारक उभे राहिले : मध्ये सूर्यघड्याळ, भिंतीवर नावे. दरसाल २३ जूनला गावकरी तेथे जमतात.

आम्ही गेलो तेव्हा तोच मऊ पाऊस पडत होता आणि सूर्यघड्याळावर अर्थातच सावली नव्हती. ज्यांची मुले कॅनडात आहेत अशा आमच्यासारख्या आईबापांनी ती नावे कशी वाचावी? सौभाग्यवतींनी एकेक नाव बोटाने पुसत सगळी वाचली. टॅक्सीवाला दूर उभा होता. परतीच्या वाटेवर त्याने भाडे ठरल्यापेक्षा कमी घेतले आणि कारण विचारू दिले नाही.

या दुःखाचे त्या देशाने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला आणि शतकांचे कागद गेले. तरीही उरलेले वेचून, १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीची घरोघरची पाने त्यांनी संगणकावर कोणासही विनामूल्य पाहावयास ठेवली. २०१५ साली जुन्या चर्चमधील जन्मविवाहांच्या वह्याही तशाच खुल्या झाल्या. अमेरिकेतून आलेला पणतू राष्ट्रीय ग्रंथालयात बसून पणजीचे खेडे शोधतो. आणि हा शोध एकाच दिशेने चालतो असे नाही. मुंबईच्या एका डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर हे २०१७ साली आणि पुन्हा २०२२ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. डिसेंबर २०१९ मध्ये ते पदावर असतानाच मालवण तालुक्यातील वराड या आपल्या मूळ गावी घर पाहावयास आले होते.

आपल्याकडे कुलवृत्तांत काढण्याची परंपरा आहे, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आहेत. पण त्यांत पुरुषांची नावे सापडतात. घराचे नाव, विहीर कोणाच्या वाटणीची, माहेरहून आलेल्या बायकांची नावे, शेजारी कोण, गडग्याची हद्द कोठवर, हे सापडत नाही. ते सांगू शकणारी माणसे आज या सभागृहात पहिल्या दोन ओळींत बसली आहेत. सभेची अनुमती गृहीत धरून मी मंडळाच्या कार्यालयात दोनशे पानांची एक वही ठेवली आहे. एका घरास एक पान. पहिले पान आमच्या सौभाग्यवतींनी भरले असून त्यात त्यांच्या आजीने लावलेल्या फणसाचाही उल्लेख आहे. वही रविवारी दहा ते एक या वेळात मिळेल. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांच्यासाठी लिहून घेण्यास मी स्वतः तेथे बसेन.