अनुभवाचा आधार

दुखावलेला मज्जारज्जू पूर्ववत करण्याची विद्या वैद्यकाला अद्याप साधलेली नाही. मग रुग्णाने जगावे कसे? १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांसाठी विभाग उघडला. वेळोवेळी कूस बदलणे, मूत्रमार्गाची निगा, काम आणि खेळ यांच्या बळावर मरणपंथाला लागलेली माणसे संसारात परतली. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले.

ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु नुकत्याच खाटेला खिळलेल्या माणसाला पराक्रमकथा पुरत नाही. कधी ती त्याला अधिकच खिन्न करते. त्याचे प्रश्न साधे असतात. लघवीचे काय? घर कसे चालेल? डॉक्टरांना विचारायला तो लाजतो. अशा वेळी चाकाच्या खुर्चीतला दुसरा रुग्ण शेजारी येऊन म्हणतो, "मीही रडलो होतो. आता रोज आरशात पाठ पाहतो, जखम होऊ देत नाही." तेव्हा त्याला उद्याचा दिवस दिसू लागतो.

प्रत्येकाची इजा निराळी, म्हणून उपचार डॉक्टरांनीच सांगावेत. धीर मात्र त्या वाटेने गेलेल्यानेच द्यावा. अशा दोघांची गाठ घालून देणे आपल्या हाती आहे. तेवढे आपण करू या.