एक सुट्टी, एक गाव
(रेडिओवरील भाषण)



परदेशी राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी युरोपातल्या छोट्या सुट्ट्या कशा घालवाव्यात, हा विषय मला दिला आहे. वेळ थोडा आहे, म्हणून सांगायचं ते आधीच सांगून टाकते. एका सुट्टीत एकच गाव. चार दिवस मिळाले तरी एकच आणि तीन मिळाले तरी एकच. पुढे जे बोलेन ते याच्याचसाठी, आणि मधे दोन-तीनदा हेच पुन्हा म्हणेन. ज्यांची मुलं, सुना, जावई तिकडे आहेत त्यांनी फोनवर एवढा निरोप पोचवला तरी माझं काम झालं.

आम्ही नवरा-बायको फ्रँकफुर्टला राहतो. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी रजा मिळते. पुष्कळ कंपन्या २५ ते ३० दिवस देतात. ऐकायला भरपूर वाटते. पण आपल्या माणसांच्या रजेचा मोठा घास भारतवारी खाते. भाच्याची मुंज, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, बँकेतली अडकलेली कामं, सगळं त्या तीन आठवड्यांत बसवायचं असतं. उरलेल्या रजा मग जपून वापराव्या लागतात आणि सगळ्यांचा डोळा गुरुवारच्या सुट्ट्यांवर असतो. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारीच येतो. आमच्या हेसन राज्यात त्यानंतर तीन आठवड्यांनी आणखी एक सण असतो, तोही गुरुवारीच. शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. कष्टाने साठवलेले असे चार दिवस आपण उधळतो कसे, ते बघा.

आमच्या ओळखीतल्या कुठल्याही जोडप्याचा बेत घ्या. गुरुवारी ॲमस्टरडॅम, शुक्रवारी ब्रुसेल्स, शनिवारी पॅरिस, रविवारी घरी. नकाशावर छान दिसतं. आता तास मोजूया. फ्रँकफुर्टहून ॲमस्टरडॅम चार तास. तिथून ब्रुसेल्स दोन, ब्रुसेल्सहून पॅरिस दीड, पॅरिसहून परत पुन्हा चारच्या आसपास. नुसत्या गाडीतले तासच अकरा-बारा झाले. खरा वेळ मात्र गाडीत जात नाही. हॉटेलची खोली सकाळी अकराला सोडायची आणि पुढच्या गावची खोली दुपारी तीनला मिळायची. मधले चार तास बॅगा ओढत फिरायचं, नाहीतर स्टेशनवर लॉकर शोधायचा. म्हणजे दिवसाचा गाभाच गेला. शिवाय गावागणिक ट्राम कशी, तिकीट कुठलं, जेवायचं कुठे, हे सगळं पहिल्यापासून शिकायचं. शिकून होईस्तोवर निघायची वेळ येते.

स्वस्त विमानाचा मोह होतो, तोही तपासून घ्या. तिकिटावर फ्रँकफुर्ट-हान लिहिलेलं असतं, पण हानचा विमानतळ फ्रँकफुर्टपासून जवळजवळ १२० किलोमीटर लांब आहे. पॅरिसच्या नावावर खपणारा बोवेचा विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या पुढे आहे. तिकीट स्वस्त पडतं, पण दोन्ही टोकांची बस, पहाटे तीनचा गजर आणि आल्यावरची झोप धरली तर चार दिवसांतला एक दिवस त्यातच जातो. म्हणून म्हणते, आगगाडीने तीन-चार तासांत पोचता येईल असं एक गाव निवडा आणि तिथेच राहा.

तिथेच का राहायचं, ते दह्यावरून सांगते. दही लावणं सगळ्यांना माहीत आहे. दूध कोमट हवं, चमचाभर विरजण हवं, आणि एकदा झाकण ठेवलं की भांड्याला हात लावायचा नाही. तिकडे थंडीत स्वयंपाकघरात दही लागता लागत नाही. मग बायका भांडं टॉवेलात गुंडाळून ओव्हनमधे ठेवतात. ओव्हन चालू करत नाहीत, नुसता आतला दिवा लावून ठेवतात, तेवढी ऊब पुरते. पण दर तासाला कुणी दार उघडून भांडं हलवून पाहिलं, तर सकाळी दूध फुटल्यासारखं होतं आणि वर पाणी सुटतं. गावाचंही तसंच आहे. निघण्याआधी थोडं वाचून जायचं, ते विरजण. ते चमचाभरच हवं. फार घातलं तर दही आंबट होतं, तसं पन्नास ठिकाणांची यादी करून नेली तर सुट्टीची गोडी जाते. आणि मग भांडं हलवायचं नाही. एक रात्र, दोन रात्री, तीन रात्री तिथेच राहायचं. आपण करतो काय? संध्याकाळी विरजण लावतो आणि रात्रीतच भांडं उचलून दुसऱ्या घरी नेतो, तिथून तिसऱ्या. मग म्हणतो, युरोपात सगळी गावं सारखीच दिसतात. दिसणारच, कारण एकही लागू दिलेलं नसतं!

नुसतं तोंडाने सांगून पटणार नाही, म्हणून स्ट्रासबुर्गचं उदाहरण देते. फ्रँकफुर्टहून थेट गाडीने हे गाव दोनेक तासांवर आहे. माणसं येतात, कॅथेड्रल बघतात, कालव्याकाठच्या लाकडी घरांसमोर फोटो काढतात आणि दुपारच्या गाडीने पुढे कोलमारला जातात. कॅथेड्रलचा मनोरा १४२ मीटर उंच आहे. १६४७ ते १८७४ अशी सव्वादोनशे वर्षं जगात त्याहून उंच इमारत नव्हती. एवढं वाटाड्या सांगतो आणि ते खरंच आहे. पण ते देऊळ वोज डोंगरातल्या गुलाबी दगडाचं आहे. सकाळी तो दगड फिका, राखाडी वाटतो आणि संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून समोर पडलं की गेरूसारखा तांबूस होतो. हे दिसायला सकाळीही तिथे असावं लागतं आणि संध्याकाळीही.

आतलं घड्याळही तसंच. आत्ताची यंत्रणा १८४३मधे पूर्ण झाली. रोज साडेबाराला सगळी गर्दी तिथे जमते, बारा शिष्य येशूसमोरून जातात, कोंबडा तीनदा आरवतो, लोक टाळ्या वाजवून बाहेर पडतात. पण त्याच घड्याळात दर पाव तासाला एक बाहुली पुढे सरकते. आधी लहान मूल, मग तरुण, मग प्रौढ माणूस, मग म्हातारा, आणि चौघेही मृत्यूसमोरून जातात. याला टाळ्या नाहीत. एखादा तास तिथे शांत बसलं तर चौघांचीही पाळी बघायला मिळते. दुसऱ्या गावची गाडी पकडायची असेल तर तो तास कुठून आणणार?

रिपब्लिक चौकातलं युद्धस्मारक तर बहुतेक सहलींच्या यादीत नसतंच. १९३६ सालचं आहे. एक आई बसली आहे आणि तिने दोन मरणोन्मुख मुलांना धरलंय. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. का नाही? कारण एक फ्रान्सच्या बाजूने लढला आणि दुसरा जर्मनीच्या. हा आल्झासचा मुलूख १८७१मधे जर्मनीकडे गेला, १९१८मधे फ्रान्सकडे आला, १९४०मधे पुन्हा जर्मनीने घेतला आणि १९४४च्या नोव्हेंबरात स्ट्रासबुर्ग पुन्हा फ्रान्सचं झालं. एखाद्या आजीने एकाच घरात राहून चार वेळा देश बदलला. दुसऱ्या महायुद्धात इथल्या सुमारे एक लाख माणसांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलं होतं. त्या आईसमोर उभं राहिलं की इतिहासाच्या पुस्तकातली सनावळी एकदम घरची होते.

आणि तिथून जवळच ट्राम मिळते, ती ऱ्हाइन नदी ओलांडून पलीकडे जर्मनीतल्या केलला जाते. २०१७पासून ही ट्राम थेट जाते. फ्रान्समधल्या बायका पिशव्या घेऊन केलला स्वस्त सामान आणायला निघतात. पूल आला, नदी गेली, देश बदलला आणि डब्यात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. जिच्यासाठी त्या आईचे दोन मुलगे गेले तीच ही सीमा. सकाळी स्मारक आणि दुपारी ही ट्राम, हे दोन्ही एका दिवशी घडलं तर युरोप म्हणजे काय ते थोडंसं कळतं. एका सुट्टीत एक गाव धरलं तरच हे घडतं. बघा, पुन्हा तिथेच आले.

सीमेवरून आठवलं. आपसातल्या सीमांवरची तपासणी हटवण्याचा शेंगेन करार १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीतल्या एका जहाजावर, पाच देशांनी केला. आज त्यात २९ देश आहेत. जर्मनीचं निवासपत्र हातात असलं की इतर शेंगेन देशांत वेगळ्या व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण घरातून निघताना पासपोर्ट आणि निवासपत्र दोन्ही खिशात असू द्या. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. कागद घरी राहिले म्हणून सुट्टीचा विचका करून घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, एकाच गावात तीन दिवस करायचं काय? एकाच गावात राहणं म्हणजे खोलीत बसणं नव्हे. समजा, जर्मनीतल्या ट्रियरला मुक्काम करा. रोमन काळातला पोर्टा निग्रा हा काळा दरवाजा तिथे आहे, १८१८मधे कार्ल मार्क्स जन्मला ते घर आहे. एक दिवस गाडीने लक्झेंबर्गला जाऊन या, तासाभराचासुद्धा रस्ता नाही. त्या देशात २०२०पासून बस, ट्राम आणि आगगाडीचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा. संध्याकाळी मात्र झोपायला ट्रियरलाच. बॅग जागची हलली नाही ना, मग चालेल.

आता नवरा-बायकोंबद्दल. एकाला म्युझियम हवं असतं, दुसऱ्याला नुसतं बसायचं असतं, आणि धावत्या सहलीत दोघांनाही दोन्ही अर्धं मिळतं. मग भांडण होतं ते बॅगांवरून आणि गाडीच्या वेळेवरून. एका गावी मुक्काम असला की सकाळी दोघं दोन वाटांनी जाऊ शकता. स्ट्रासबुर्गात नवरा कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या तीनशेवर पायऱ्या चढू दे, तुम्ही शनिवारच्या बाजारात फिरा, चीजवाल्या बाईशी हातवारे करून बोला. दुपारी एकत्र जेवा. सांगायला दोघांकडेही काहीतरी असतं. आल्झासमधे कांदा आणि साय पसरलेली पातळ रोटी भट्टीतून काढून लाकडी पाटावर देतात. त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, चालत नसतील तर आधीच सांगा. ती रोटी कडेला करपलेली आणि मधे मऊ असते. तिच्यावर दोघांनी तास घालवला तरी कुणी उठा म्हणत नाही.

नोकरी करणाऱ्या जोडीदाराबरोबर आलेली व्यक्ती, बहुतेक वेळा बायको, आठवडाभर घरात आणि जर्मनच्या वर्गात असते. तिची सुट्टी ऑफिसपासूनची नसते, तिला माणसं हवी असतात. एकाच बेकरीत तीन सकाळी गेलं तर तिसऱ्या दिवशी काउंटरवरची बाई ओळखून हसते. या हसण्याची किंमत आठवडाभर घरात असणाऱ्या त्या बायकोला विचारा. याबद्दल खरं तर वेगळंच बोलायला हवं, पण वेळ...

आता थोडं रागावून बोलते. इकडे राहणाऱ्या आई-बाबांना, काका-मावश्यांना सांगते. फोनवर "किती देश झाले?" हा प्रश्न विचारणं बंद करा. त्या प्रश्नापायीच ही मुलं धावतात. "तिथलं एखादं गाव सांग की," असं विचारा. आणि तुम्ही स्वतः तिकडे गेलात की मुलांनी तुम्हाला पंधरा दिवसांत सहा देश दाखवावेत असा हट्ट धरू नका. गुडघे तुमचे आहेत. मुलांनीही, बाबांना सगळं दाखवलं पाहिजे म्हणून त्यांना दगडी रस्त्यांवरून फरफटवू नये. नदीकाठचा एक बाक त्यांना पुरतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच बाक हवा असतो.

समोर हात दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं राहिली. तेवढ्यात काही बारीकसारीक गोष्टी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध, पाव, फळं आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असतं. जमलं तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, रात्री वरण-भात होतो. सोबत शेंगदाण्याची चटणी असू द्या. रात्रीच्या गाड्यांबद्दल सांगायचं होतं, ते राहिलं. हिवाळ्यातल्या सुट्टीचंही राहिलं, तिचा हिशेब वेगळा असतो, दिवस लहान म्हणून...

ते असो. पुढच्या वर्षीचे गुरुवार आत्ताच कॅलेंडरवर बघून ठेवा, शुक्रवारची रजा आधी मागून घ्या, आणि घरापासून तीन-चार तासांतलं एक गाव ठरवा. एका सुट्टीत एकच गाव. दुसरं पुढच्या सुट्टीत, ते कुठे पळून जात नाही.