एसी गार, गाडी गप्प

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून मी गाडीच्या एसीचा ब्लोअर स्वतः बदलला. चालवून पाहिला, मस्त गार हवा. सोमवारी सकाळी सहाला बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, तर किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक'!

पहिला संशय कॉम्प्रेसरवर, जाम झाला असणार. पण त्याला मी हातच लावला नव्हता. मग बॅटरी. मीटर लावला तर 12.5 व्होल्ट. म्हणजे चांगली. लाइटही लागत होते, ब्लोअरसुद्धा फिरत होता.

इथेच आपण फसतो बरं का. ब्लोअरला लागतात दहा-वीस अँपिअर. स्टार्टरला शंभराच्या वर. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर मी सोडवली होती. परत लावली, पण घट्ट केली का? ढिल्या जोडातून ब्लोअरपुरता करंट जातो, स्टार्टरपुरता जात नाही.

खात्री कशी करायची? मीटरचं एक टोक बॅटरीच्या पोलवर, दुसरं त्याच पोलच्या क्लॅम्पवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. "बाबा, जरा किल्ली फिरवता का?" तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. माझ्याकडे सात व्होल्ट!

क्लॅम्प चक्क बोटांनी हलत होता. पोल घासला, दहा नंबरच्या पान्याने आवळला, गाडी एका सेल्फमध्ये सुरू.

वाटेत बाबा म्हणाले, "तो एसी बंद कर आधी, गारठलो."