तुटलेले सांधणारी किण्वपेशी



बेकरीतला पाव ज्या यीस्टमुळे फुगतो, त्याला मराठीत किण्व असे नाव आहे. ही एकपेशीय बुरशी साध्या डोळ्यांना दिसतही नाही. पण तिच्या पेशीला माणसाच्या पेशीसारखेच केंद्रक असते आणि त्या केंद्रकात सोळा गुणसूत्रे नांदतात. १९९६ साली तिचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान मिळविणारी ती पहिलीच. सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा आणि सहा हजारांच्या आसपास जनुकांचा हा ग्रंथ! तुटलेला डीएनए ही पेशी कसा सांधते आणि त्या सांधण्याला लगाम कसा घालते, हे समजून घेताना कर्करोगाचे कोडे उलगडण्यास मोठे साहाय्य झाले आहे.

डीएनएचा रेणू म्हणजे परस्परांभोवती गुंफलेले दोन धागे. किरणोत्सर्गाने, रसायनांनी, इतकेच काय, पेशीच्या नित्याच्या व्यवहारानेही त्यांना इजा होत राहते. एक धागा दुखावला तर समोरचा धागा नमुना म्हणून उपयोगी पडतो. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर मात्र गुणसूत्राचेच दोन तुकडे होतात. असा एक भंग दुरुस्तीविना राहिला, तरी तो पेशीच्या जिवावर बेतू शकतो.

क्ष-किरणांपुढे तग न धरणारे किण्वाचे वाण शास्त्रज्ञांनी निवडून काढले आणि त्यांच्यात कोणते जनुक बिघडले आहे याचा माग घेतला. त्यातून दुरुस्तीच्या जनुकांचे एक कुटुंबच हाती आले. 'रॅड' हे त्याचे नाव. १९८८ साली टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी त्यातील 'रॅड-९'चे कार्य उलगडले. इजा झालेली निरोगी पेशी आपले विभाजन थांबवते, दुरुस्ती उरकते आणि मगच पुढे जाते. 'रॅड-९' नसलेली पेशी तुटक्या गुणसूत्रांसह तशीच विभागते आणि मरते. या पेशींचे विभाजन औषध देऊन काही काळ रोखले, तेव्हा त्यांतील अनेक वाचल्या. दुरुस्तीची अवजारे त्यांच्यापाशी होतीच, थांबण्याची बुद्धी तेवढी नव्हती. पेशीचक्रावरील एकूण कार्यासाठी हार्टवेल यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा लाभला.

थांबलेली पेशी पुढे काय करते? तुटलेल्या टोकांचा एकेक धागा ती मागे कुरतडते. उघड्या पडलेल्या दुसऱ्या धाग्यावर 'रॅड-५१' हे प्रथिन ओळीने बसते. त्याला तेथे बसविण्याचे काम 'रॅड-५२' करते. हा सज्ज धागा मग आपल्याशी तंतोतंत जुळणारा डीएनए शोधतो, त्यात शिरतो आणि हरवलेला मजकूर उतरवून घेतो. या क्रियेला पुनर्संयोजन म्हणतात. दुहेरी भंगातून ते कसे घडते, याचा सविस्तर आराखडा झोस्टॅक, ऑर-वीव्हर, रॉथस्टीन आणि स्टाल या चौघांनी १९८३ साली मांडला, तोही किण्वावरील प्रयोगांच्या आधारे.

परंतु सांधण्याचे हे सामर्थ्य बेफाम झाले, तर तेच घातक ठरते. भलत्याच ठिकाणचा मजकूर उतरला, तर गुणसूत्रांची मोडतोड होते. म्हणून पेशीने पदोपदी पहारे बसविले आहेत. टोके भराभर कुरतडण्याची परवानगी डीएनएची प्रत काढण्याचा टप्पा सुरू झाल्यावरच मिळते, कारण विश्वासू नमुना, म्हणजे जुळी प्रत, तेव्हाच उपलब्ध होते. 'एसआरएस-२' नावाचे प्रथिन तर धाग्यावर बसलेले 'रॅड-५१' ओढून काढते आणि अनावश्यक पुनर्संयोजन मोडून टाकते. २००३ साली दोन संशोधक गटांनी हे परीक्षानळीत दाखवून दिले.

आणखी एक नवल पाहा. ज्या भंगाला पेशी एरवी इतकी भिते, तोच भंग एका प्रसंगी ती स्वतःहून घडवते. लैंगिक प्रजननाच्या तयारीत, अर्धसूत्री विभाजनात, 'एसपीओ-११' हे प्रथिन किण्वाच्या डीएनएवर दीडशेच्या आसपास ठिकाणी दुहेरी घाव घालते. त्याची ही भूमिका १९९७ साली उजेडात आली. येथे नियमही पालटतो. एरवी जुळ्या प्रतीकडून मजकूर घेणारी पेशी आता मातेकडून आलेल्या गुणसूत्राची गाठ पित्याकडून आलेल्या गुणसूत्राशी घालते. 'मेक-१' हे प्रथिन जुळ्या प्रतीचा मार्ग अडवून धरते. या देवाणघेवाणीमुळे दोन्ही गुणसूत्रे योग्य रीतीने विलग होतात आणि संततीत वैविध्य येते. मानवी बीजांडात ही देवाणघेवाण झालीच नाही किंवा अयोग्य जागी झाली, तर २१व्या गुणसूत्राची जादा प्रत संततीत जाण्याचा धोका वाढतो. डाउन सिंड्रोमचे हे एक ज्ञात कारण आहे.

किण्वाचा आणि माणसाचा हा नातेसंबंध येथेच संपत नाही. माणसाच्या पेशीतही 'रॅड-५१' आहे. त्याला धाग्यावर बसविण्याचे मुख्य काम मात्र तेथे 'बीआरसीए-२' करते. किण्वात हे जनुक नाही. ते किंवा 'बीआरसीए-१' बिघडलेल्या अवस्थेत वारशाने आले, तर स्तनांच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. ही दोन जनुके १९९४ आणि १९९५ साली ओळखली गेली, तोवर 'रॅड' कुटुंबाचा अभ्यास कितीतरी पुढे गेला होता.

पुढचे पाऊल उपचाराचे. कर्करोगाच्या पेशीत दुरुस्तीचा एक मार्ग बंद असेल, तर तिचा दुसरा आधार काढून घ्यावा म्हणजे ती कोसळेल आणि निरोगी पेशी तगेल, हा विचार हार्टवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली किण्वाच्याच उदाहरणाने मांडला. २००५ साली दोन संशोधक गटांनी 'बीआरसीए' बिघडलेल्या पेशी 'पार्प' या विकराला रोखताच मरतात, हे दाखविले. २०१४ साली या प्रकारचे पहिले औषध, ओलापॅरिब, बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

श्रोतेहो, याचा घरातल्या माणसांशी थेट संबंध आहे. असे सदोष जनुक आई किंवा वडील, कोणाकडूनही येऊ शकते आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून कुटुंबात एकाहून अधिक स्त्रियांना हे कर्करोग झाले असतील, तर ती गोष्ट संकोचाने दडवू नये. आईकडचा आणि वडिलांकडचा, दोन्ही बाजूंचा इतिहास वैद्यांना मोकळेपणाने सांगावा आणि जनुकीय समुपदेशनाविषयी विचारावे. वेळेवर थांबून दुरुस्तीला अवधी देणारी पेशी वाचते, हे किण्वाने प्रयोगशाळेत दाखवून दिले आहे. वेळेवर केलेल्या तपासणीनेही तसाच अवधी मिळतो.