आधी राहायची सोय



स्वागत समितीच्या वतीनं तुम्हा सगळ्यांचं कोल्हापुरात मनापासून स्वागत. फेटे बांधून झालेत, तांबडा-पांढरा रात्री आहेच. मधल्या वेळात माझं भाषण, तेवढं सोसा.

युवकांचं कल्याण आणि संधी हा या संमेलनाचा विषय. तो या गावात मांडायला एक कारण आहे. चहाच्या सुट्टीत दसरा चौकात चक्कर मारा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग अशी नावं तिथं जवळजवळ दिसतील. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यांच्यामुळं. शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला २६ जुलै १९०२ रोजी, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याआधी, १९०१ मध्येच सुरू झालं होतं. महाराज तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, म्हणजे इथल्या पुष्कळ प्रतिनिधींच्या वयाचे. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर पाठ टेकणार कुठं, जेवणार कुठं, हा प्रश्न त्यांनी नोकरीच्या आधी हातात घेतला. जातवार वसतिगृहं कशाला, असं आजही कुणी विचारतं. विचारावंच. पण सर्वांसाठी एकच वसतिगृह हा प्रयोग आधी करून झाला होता, आणि त्यात बहुजनांच्या पोरांना जागा उरली नव्हती.

याच गावात एक तरुण जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्याच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असं सांगण्यात आलं. त्यानं ऐकलं नाही, आणि बोर्डिंग सुटलं. ते भाऊराव पाटील. पुढं १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात असं वसतिगृह उभं केलं की जिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तरुणांचा कैवारी कसा असतो हे मला कुणी विचारलं तर मी भाऊरावांचं नाव घेतो. स्वतःची जागा गेली, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांसाठी जागा केली.

आज चंदगडची मुलगी इथं येते, गडहिंग्लजचा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला सदाशिव पेठेत जातो. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेतली एक खुर्ची. महिनाअखेर डबा एक वेळचा होतो, आणि घरी फोनवर मात्र ‘जेवलो’ म्हणून सांगायचं. निकाल लांबला की दिवाळीलाही गावी जायचं टाळायचं, कारण पारावर प्रश्न ठरलेला: काय रं, लागला का कुठं? टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. तो प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर लावाच. पण मन मोकळं झाल्यावरही भाड्याची तारीख यायची ती येतेच. समुपदेशन आणि खानावळ यांना वेगवेगळ्या खात्यांत टाकणारे कागद मी पुष्कळ पाहिलेत. मुलाचं पोट आणि मन एकाच खोलीत राहतं, एवढं मला कळतं.

आपल्या अध्यक्षांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. निमंत्रण स्वीकारताना त्यांनी अट घातली: हॉटेल नको, मुक्काम मुलींच्या वसतिगृहातच. आमची जरा पंचाईत झाली. तिथल्या नळाला सकाळी पाणी येईल का, हे स्वागताध्यक्षाला पहिल्यांदाच विचारावं लागलं. ताई, पाणी साडेपाचला येतं आणि पाऊण तासात जातं.

उद्या सकाळच्या सत्रात अधिकाऱ्यांची भाषणं ठेवलेली नाहीत. मंचावर विद्यार्थी, रेक्टर, मेस चालवणाऱ्या मावशी आणि दोन घरमालक बसतील. अधिकाऱ्यांच्या खुर्च्या समोर पहिल्या रांगेत आहेत. प्रत्येक खुर्चीवर वही-पेन ठेवलंय. त्यांनी लिहून घ्यावं, ही विनंती. आता अध्यक्षांनी संमेलनाची सूत्रं स्वीकारावीत.