जोडधंद्याचे गणित : नाशिक जिल्ह्याचा अनुभव



नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर हा डोंगराळ आदिवासी पट्टा आहे. भात, नागली आणि वरई ही तेथील पावसाळी पिके. दिवाळीच्या सुमारास शेतातील कामे उरकली, की तेथील अनेक कुटुंबे दाराला कडी घालून खाली उतरतात. कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, कोणी वीटभट्ट्यांवर, तर कोणी नाशिक शहरातील बांधकामांवर. या जाण्याला डोंगरातील माणसे 'जगायला जाणे' असे म्हणतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्यालाच हंगामी स्थलांतर म्हटले जाते. परंतु ग्रामीण कुटुंबाच्या पूरक मिळकतीचा विचार ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी बोलीतील हा शब्दच ध्यानी ठेवलेला बरा. घरात काही महिन्यांचे धान्य आहे आणि उरलेल्या महिन्यांची सोय नाही, एवढा सगळा हिशेब त्या दोन शब्दांत आलेला आहे.

जोडधंद्याचा विषय निघाला, की ग्रामसभांतून एक ठरावीक यादी वाचली जाते : शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवणकाम, पिठाची गिरणी, पापड-लोणची. यादीत गैर काहीच नाही. परंतु धंद्याची निवड करताना दोन प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. ज्या महिन्यांत घरात पैसा येत नाही, नेमका त्याच महिन्यांत हा धंदा पैसा देईल काय? आणि ज्या कारणाने मुख्य मिळकत बुडते, त्याच कारणाने ही दुसरी मिळकतही बुडणार नाही ना? या दोन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर नसेल, तर तो जोडधंदा नव्हे. ती त्याच धंद्याची दुसरी फांदी होय. झाड पडले, की फांदीही जमिनीवर येते.

द्राक्षबागेचे उदाहरण घ्या. एप्रिलमधील खरड छाटणीपासून कामाला आरंभ होतो. पावसाळा सरता सरता फळछाटणी होते. मग डिपिंग, विरळणी आणि जानेवारीपासून काढणी. या कामांसाठी मजुरांच्या टोळ्या एकराच्या बोलीवर ठरतात. मनगटाला सवय झालेली टोळी दिवसाला बरी मजुरी पाडते आणि म्हणूनच डोंगरातील माणूस बागांकडे येतो. बागेच्या आधाराने गावात आणखी धंदे उभे राहतात : माल निवडून पेट्या भरणाऱ्या स्त्रिया, खोकी पुरविणारा, टेम्पो चालविणारा, औषधांचा दुकानदार. वरवर पाहता गावात पाच-सहा व्यवसाय नांदत असतात. पण 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा ज्या बागा झोडपल्या गेल्या, तेथे बागाईतदाराबरोबर टोळीचे काम गेले, पेट्या भरणारीचा रोज बुडाला आणि टेम्पोही दारात उभा राहिला. 26 नोव्हेंबर 2023 च्या अवकाळी पावसाने आणि गारांनी निफाड परिसराला पुन्हा तोच धडा दिला. पाच घरांच्या पाच मिळकती एकाच वेलीवर टांगलेल्या होत्या.

कांद्याची गोष्ट याहून निराळी नाही. फरक इतकाच, की तेथे आभाळाऐवजी भाव कोसळतो. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे 2024 मध्ये उठली. त्या काळात ज्याच्याकडे चाळ होती त्याला निदान थांबण्याची थोडीफार मुभा होती. ज्याच्याकडे नव्हती, त्याला लासलगावच्या लिलावात त्या दिवशी निघेल तो भाव पदरात घ्यावा लागला.

पाऊस आणि बाजार या दोहोंवर अवलंबून नसलेले काम असू शकते काय, हा प्रश्न महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात स्वतःला विचारला. खडी फोडण्याची केंद्रे, पाझर तलावांची माती आणि दुपारी मिळणारी सुकडी यांची आठवण येवला, नांदगाव, सिन्नर भागातील वृद्धांना आजही आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना त्यापूर्वीच मांडली होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा लहानसा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्यभर नेले. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. मागेल त्याला 15 दिवसांच्या आत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, हे त्याचे सार. पुढे 2005 साली केंद्राने देशासाठी जो कायदा केला, त्याची वाट महाराष्ट्राने आधीच मळून ठेवलेली होती. या योजनेच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसविण्यात आला, हेही विसरू नये. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम येवल्याच्या बांधावरील मजुरीला आधार देत होती. जेथे पाऊस पडला नाही तेथील घर, जेथे पगार चालू होता तेथील पैशाने तगले. वर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर क्वचितच मिळेल.

तथापि खडी फोडून पोट भरते, मिळकत उभी राहत नाही. ही उणीव 1990 साली काही अंशी भरून निघाली. रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली आणि शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर खड्डे खणण्याची व झाडे जगविण्याची मजुरी मिळू लागली. आज मजुरी आणि काही वर्षांनी फळ, अशी ही जोडणी होती. बाएफ या संस्थेने 1982 साली गुजरातेतील वांसदा भागात सुरू केलेला 'वाडी'चा प्रयोगही याच जातीचा. नाबार्डच्या साहाय्याने तो नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात आला. साधारण एकरभर जमिनीत आंबा आणि काजू, कुंपणाला सरपण-चाऱ्याची झाडे आणि झाडे लहान असेतोवर मधल्या पट्ट्यात भाजीपाला, अशी त्याची मांडणी. त्यातील भाजीपाल्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही. सारे आंब्याचे कौतुक करतात. पण आंबा धरेपर्यंतची वर्षे त्या भाजीपाल्यानेच निभावून नेली. दिवाळीनंतर घर सोडावयाचे की नाही, हा निर्णय त्या पट्ट्यावर ठरतो. सुरगाण्यात स्ट्रॉबेरी लावणाऱ्या शेतकऱ्यांचे गणितही हेच. ती हिवाळ्यात येते, म्हणजे नेमकी जगायला जाण्याच्या दिवसांत, आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर तिला गिऱ्हाईक मिळते.

आता पूर्वेकडे येवल्याला यावे. हा अवर्षणाचा मुलूख. पालखेडच्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागालाच मिळते. परंतु येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा माग आहे. पैठणीचे रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेची, आणि विणणारे हात येवल्याचे. काठ-पदरावरील मोर, मुनिया, कमळ, आसावली ही नक्षी रंगीत कांड्यांनी एकेक धागा गुंतवून हातानेच भरावी लागते. साध्या पैठणीस काही आठवडे लागतात. भरगच्च पदराची असेल तर महिनोन्‌महिने. हा धंदा पूर्वी काही ठरावीक विणकर घराण्यांपुरता होता. पुढे येवल्याच्या आसपासच्या गावांतील शेतकरी कुटुंबांनीही माग बसविले. पाऊस दडी मारतो तेव्हा शेत ओस पडते, पण पैठणी घेणारी वधूमाता मुंबई-पुण्याची असते. येवल्याच्या पावसाशी तिच्या खरेदीचा संबंध नसतो. म्हणूनच माग हा येथील शेतकऱ्याचा खऱ्या अर्थाने जोडधंदा ठरला.

तरीही पैठणीला कोणी जादूची कांडी समजू नये. स्वतःचे रेशीम घेऊन विणणारा आणि व्यापाऱ्याच्या रेशमावर मजुरीने विणणारा, या दोघांच्या मिळकतीत मोठे अंतर असते. यंत्रमागावरील नकली पैठणी अस्सल मालाच्या शेजारीच टांगलेली असते. भौगोलिक मानांकन मिळाले ही चांगली गोष्ट झाली, पण गिऱ्हाइकाला पदर उलटा करून पाहण्याची सवय लागेल तेव्हाच त्याचा खरा उपयोग होईल. 2020 साली टाळेबंदीत लग्ने थांबली, तसे मागही थांबले. त्या वर्षी ज्या विणकराकडे थोडी शेती होती, त्याच्या चुलीला शेताने हात दिला. एरवी मागाने शेत सांभाळले होते. त्या वर्षी शेताने माग सांभाळला.

सर्वच घरगुती कामांना ही बरकत नसते. सिन्नर हे एके काळी विड्यांसाठी नावाजलेले गाव. हजारो स्त्रियांनी घराच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या आणि संसार चालविले. 1966 च्या कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार म्हणून मान्यता दिली, हे मोठेच पाऊल होते. काम बारमाही होते आणि पावसावर अवलंबून नव्हते. दोन्ही कसोट्यांना ते उतरत होते. पण हजार विड्यांमागे ठरणारी मजुरी, मोजणीत बाद होणारा माल आणि छातीत जाणारी तंबाखूची धूळ यांतून त्या बाईला वर जाण्याची पायरी नव्हती. वीस वर्षे विड्या वळणारीच्या हाती विसाव्या वर्षीही पहिल्या वर्षाचेच कौशल्य राहिले. सिन्नर परिसरात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा कारखान्यांची दारे तिच्या मुलांना उघडली, तिला स्वतःला क्वचितच. तेव्हा पूरक काम सुचविणाऱ्याने तिसराही प्रश्न विचारावयास हवा : या कामातून शिकून माणूस पुढे कोठे जाईल?

2020 च्या त्या वर्षाचा उल्लेख थोडा अधिक करणे प्राप्त आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरून कसारा घाट चढून इगतपुरीमार्गे चालत निघालेले मजूर जिल्ह्याने पाहिले. 1 मे रोजी नाशिकहून भोपाळला श्रमिकांची विशेष गाडी रवाना झाली. शहरातील कामावर विसंबलेल्यांची मिळकत एका रात्रीत बंद झाली होती. त्याच काळात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने फळे-भाज्यांच्या पेट्या शहरांतील घरांपर्यंत पोचविल्या. 7 ऑगस्ट 2020 रोजी देशातील पहिली किसान रेल्वे देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली. बाजार बंद पडले होते, खाणारी तोंडे नव्हे, हे ज्यांनी ओळखले त्यांना नवे काम सापडले. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला मात्र ते साधले नसते. त्यामागे आधीपासून बांधलेली संघटना होती.

स्त्रियांच्या बचत गटांबद्दलही असेच म्हणता येईल. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 साली स्थापन झाले, नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला आणि 2011 पासून 'उमेद' अभियान सुरू झाले. गटांनी काय काय उत्पादन केले, याची प्रदर्शने भरतात. मात्र गटाचा मोठा लाभ प्रदर्शनात दिसत नाही. श्रावणात घरी पैसा नसताना बाईला गटातून हजार-दोन हजार मिळाले, तर दारची शेळी पडत्या भावाने विकावी लागत नाही. संगमनेरी शेळी ही याच मुलखातील जात, काटक आणि दुधाला बरी. पण भुकेच्या महिन्यात विकलेल्या शेळीला कधीही भाव मिळत नाही. शेळीचे कर्ज देणाऱ्या बँकेने आणि ते मंजूर करणाऱ्या समितीने गावातील पशुवैद्य किती दिवसांनी येतो, हेही अर्जातच विचारून घ्यावे. एका गावात वीस शिलाई यंत्रे वाटली आणि कपडे शिवून घेणारी घरे मात्र तेवढीच राहिली, तर प्रमाणपत्र भिंतीवर आणि यंत्र कोपऱ्यात, अशी अवस्था होते.

कोणत्या घराचा कोणता महिना रिकामा आहे, हे गावात सर्वांत आधी कोणाला कळते? ग्रामसेवकाला नव्हे, शिक्षकाला. पेठ-सुरगाण्याच्या शाळेचा हजेरीपट उघडावा. दिवाळीनंतर ज्या नावांपुढे सलग गैरहजेरी लागते, ती घरे जगायला गेलेली असतात. मूल आईवडिलांबरोबर बागेच्या कडेला झोपडीत राहते आणि होळीला परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची तरतूद करण्यात आली, ती योग्यच. परंतु तोच हजेरीपट ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवला गेला, तर मुलाची सोय करण्याआधी त्याच्या बापाच्या कामाची सोय करता येईल. त्या घरांची नावे, रिकामे महिने आणि अंगी असलेले कौशल्य, एवढी तीन रकान्यांची यादी पुरेशी आहे. तिला ना मोठी पाहणी लागते, ना संगणक.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात रस्त्यांची, घाटांची, निवाऱ्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघत आहेत. त्र्यंबकेश्वर परिसरातील गावांच्या पंचायतींनी आपल्या यादीतील गवंडी, सेंट्रिंगवाले, वीजजोडणी जाणणारे तरुण यांची नावे ठेकेदारांकडे वेळेवर पोचवावीत. मेळा उठल्यावर काम संपेल, हे गृहीत धरून शिकाऊ मुलांना गवंड्याच्या हाताखाली आत्ताच घालावे.

आणि ज्या घराला कोठेच काही मिळत नाही, त्याचा कामाच्या मागणीचा अर्ज लेखी घ्यावा आणि त्याच क्षणी तारीख घातलेली पोच त्याच्या हाती द्यावी. 15 दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते. तोंडी मागणीची कोठेही नोंद होत नाही. कागदोपत्री त्या गावात कोणी काम मागितलेलेच नसते आणि तिकडे गावातील अर्धी घरे कुलूप लावून दिंडोरीच्या वाटेला लागलेली असतात.