शब्दांचा निवाडा कोणी करावा?

(वसई-विरार येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



विरारच्या उत्तरेस याच रेल्वेमार्गावर वसलेले पालघर आणि त्याच्या नावाचा हा जिल्हा यांनी समाजमाध्यमांवरील संघर्षाचे दोन धडे साऱ्या देशाला दिले आहेत.

पहिला धडा २०१२ चा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर १८ नोव्हेंबरला पाळला गेलेला बंद आदरापोटी नसून भयापोटी आहे, असे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी अटक केली ती या दोघींना! पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. याच अटकेमुळे श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले.

दुसरा धडा २०२० चा. टाळेबंदीच्या काळात मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या आणि १६ एप्रिलला गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. त्यानंतर या हत्याकांडास धार्मिक रंग देणारे संदेश असे फिरले की, अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, असे गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले.

पहिला धडा सांगतो, शब्दाला बेडी घालू नका. दुसरा सांगतो, मोकाट शब्द प्राण घेतो. हा विरोध वरवरचा आहे. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी भिन्न आहेत, हा भेद न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केला. निर्बंध तिसऱ्या गोष्टीवरच यावा.

परंतु हा भेद रोज करणार कोण? जमाव आणि पोलीस यांची पात्रता पालघरने दाखवून दिली. उरते ती कंपनी. तिला जाहिरातींतून नफा मिळतो आणि भांडण जितके लांबेल तितका वाचक खिळून राहतो. मजकूर तपासण्याचे काम ती बहुतांशी कंत्राटी कामगारांवर सोपविते. दिवसभर हिंसेची दृश्ये पाहून अमेरिकेतील अशा कामगारांची मने खचली, तेव्हा २०२० मध्ये फेसबुकला ५ कोटी २० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. म्हणजे हा प्रश्न अभिव्यक्तीइतकाच श्रमाचाही आहे.

शासनाने २०२१ मध्ये नियम केले, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्याही आणल्या. पण या समित्या केंद्र सरकारच नेमते. सरकारवरील टीकेचा वाद सरकारनेच नेमलेल्यांनी सोडवावा, ही न्यायाची रीत नव्हे.

म्हणून मागणी नेमकी हवी: नियम मराठीत प्रसिद्ध व्हावेत, मजकूर काढताना लेखी कारण द्यावे, अपील स्वतंत्र यंत्रणेकडे असावे, तपासनीस मराठी व तिच्या बोली जाणणारे असावेत आणि त्यांना कायम कामगारांचे हक्क मिळावेत.

आणि मागणीबरोबर आचरणही हवे. आपल्या शाखेच्या गटात आलेली अफवा तेथेच थांबविणे आणि विरोधकाचे कटू मत तेथे टिकू देणे, ही दोन्ही कामे कार्यकर्त्याचीच आहेत. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.